कृत्रिम रबर : साखळी कुठे थांबवावी?

रबर ही वस्तू आता खेड्यापाड्यांत कोणाला नवी राहिलेली नाही. बैलगाडीला टायर आले, सायकल आली, विहिरीवरच्या पंपाला रबरी नळी आली, पायांत रबरी तळाच्या चपला आल्या. परंतु हे सगळे रबर झाडाच्या चिकापासूनच होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जगात झाडाचे रबर जितके निघते, त्याहून थोडे अधिकच रबर कारखान्यात तयार होते. त्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे ब्युटाडाइन आणि स्टायरीन या दोन पदार्थांपासून बनविलेले रबर. आपल्याला आज त्याची गोष्ट पाहावयाची आहे. पण सगळी नव्हे. त्यातला एकच प्रश्न आपण घेऊ : हे रबर तयार होत असताना ते नेमके कोणत्या क्षणी थांबवावयाचे, आणि का?

प्रश्न लहान दिसतो. पण गुऱ्हाळावर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगावयास नको. रस आटतो, पाक होतो, आणि गुळव्या काहिलीकडे डोळे लावून बसतो. थोडे आधी उतरवले तर गूळ धरत नाही, थोडे उशिरा उतरवले तर करपतो. रबराच्या बाबतीतही असाच एक क्षण असतो. फरक इतकाच, की पोलादी पिंपाच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ते हिशेबाने ओळखावे लागते.

आधी एक सोपा प्रयोग सांगतो. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करून दाखवावा; मात्र जवळ दिवा किंवा विस्तव नसावा. एक साधे रबरबँड घ्या. त्याची लांबी मोजा आणि झाकणाच्या बाटलीत रॉकेल घालून त्यात ते रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ते चांगले फुगून लांब व जाड झालेले दिसेल. पण ते विरघळलेले नसेल. आता पंक्चर काढणाऱ्याकडचे सोल्युशन आठवा. ते तरी काय असते? रबरच, पण द्रवात विरघळलेले. मग एक रबर विरघळते आणि दुसरे नुसते फुगते, असे का? या एका प्रश्नाच्या उत्तरात आपला सारा विषय साठवलेला आहे.

रबर हे अतिशय लांब रेणूंचे बनलेले असते. पाण्याच्या रेणूत तीन अणू. रबराच्या एका रेणूत हजारो कड्या एकीला एक जोडलेल्या. असे प्रचंड रेणू असू शकतात हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी ते मानले नाही. पुढे १९५३ साली त्याच कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या लहान रेणूंची कडी बनते त्यांना एकवारिक म्हणतात, आणि कड्या जोडून झालेल्या साखळीला बहुवारिक. साखळ्या सुट्या असल्या तर द्रव त्यांच्यामध्ये शिरतो आणि त्यांना एकमेकींपासून अलग करतो, रबर विरघळते. पण या साखळीला त्या साखळीशी मध्येच कुठे गाठ मारलेली असेल, तर द्रव आत शिरेल, जाळे ताणले जाईल, पण साखळ्या अलग होणार नाहीत. सुटी सुतळी पाण्यात सोडली तर पसरते. कोळ्याचे जाळे सोडले तर ते फुलते, सुटत मात्र नाही. तसेच हे. साखळ्यांमधील या गाठींना आपण आडसांधे म्हणू.

आडसांधे वाईट असतात असे मात्र समजू नका. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून पाहिले, आणि उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होणारे रबर कणखर झाले. गंधकाने साखळ्यांमध्ये आडसांधे घातले होते. प्रत्येक टायर शेवटी असाच आडसांध्यांनी बांधलेला असतो. तेव्हा आडसांधे हवेतच; पण ते शेवटी हवेत. रबर आधी रुळांखाली मळता आले पाहिजे, त्यात काजळी व गंधक मिसळता आले पाहिजे, साच्यात दाबता आले पाहिजे. आकार आल्यावर मग आडसांधे. मडके चाकावर असताना माती ओली हवी आणि भट्टीतून निघाल्यावर पक्की. चाकावरच माती भाजली गेली तर कुंभाराने करावे काय? कृत्रिम रबर बनविणाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहिली, आणि तीही महायुद्धाच्या धामधुमीत.

त्याचे असे झाले. झाडाचे रबर मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी तिथले बी लंडनजवळच्या क्यू येथील बागेत नेले. तेथून रोपे लंका आणि मलायाकडे गेली आणि आग्नेय आशिया हे रबराचे कोठार झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेला येणाऱ्या झाडाच्या रबरापैकी सुमारे नऊदशांश रबर एकदम बंद झाले. विमान, ट्रक, रणगाडा, रबरावाचून काही चालत नाही. अमेरिकेत जानेवारी १९४२ मध्ये टायरचे रेशनिंग सुरू झाले. जुने टायर, पावसाळी बूट, पाण्याच्या नळ्या लोकांकडून गोळा केल्या गेल्या. त्या वर्षाअखेर देशभर पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेही मुख्यतः पेट्रोलच्या टंचाईमुळे नव्हे. गाड्या कमी धावाव्यात आणि टायर टिकावेत म्हणून.

सप्टेंबर १९४२ मध्ये बर्नार्ड बरूक यांच्या समितीने अहवाल दिला, की कृत्रिम रबर तातडीने आणि प्रचंड प्रमाणात काढल्याशिवाय गत्यंतर नाही. रबराची कृती अगदीच अज्ञात नव्हती. जर्मनीत वाल्टर बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ च्या सुमारास ब्युटाडाइन-स्टायरीनचे रबर काढले होते. त्याचे नाव बुना-एस. अमेरिकेत सरकार, रबर कंपन्या आणि विद्यापीठे यांनी एरवीची स्पर्धा बाजूला ठेवून एक समान कृती ठरविली आणि त्या रबराला जीआर-एस असे सरकारी नाव दिले. १९४५ पर्यंत त्या देशाचे कृत्रिम रबराचे उत्पादन वर्षाला सुमारे नऊ लाख टनांवर गेले, आणि त्यातील बहुतेक सगळे हेच रबर होते.

ती कृती आता बघा. वजनाने ब्युटाडाइन ७५ भाग, स्टायरीन २५ भाग, पाणी १८० भाग, साबण ५ भाग, पोटॅशियम परसल्फेट ०.३ भाग आणि मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ ०.५ भाग. हे सर्व बंद पिंपात ५० अंश सेल्सियसला ढवळत ठेवावयाचे. सुमारे बारा तासांत एकवारिकांपैकी पाऊण हिस्सा रबर होतो. आणि इथेच थांबावयाचे! उरलेला पाव हिस्सा परत काढून घ्यावयाचा, पुन्हा वापरावयाचा. एवढे युद्ध चालू, रबराचा तुटवडा, आणि शंभरातला पंचवीस भाग माल अर्ध्यावर सोडून द्यावयाचा, हे विचित्र वाटते ना? त्याचे कारण आडसांध्यांच्या हिशेबात आहे.

आधी पाणी आणि साबण कशाला ते पाहू. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे बारीक बारीक थेंब. ते डोळ्यांना सुटे दिसत नाहीत म्हणून दूध एकजीव भासते. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. झाडाचा चीकही तसाच. पिंपातसुद्धा साबणाच्या साहाय्याने तेलकट द्रवाचे पायस केलेले असते. साबणाचे रेणू पाण्यात लहान लहान झुबके करून राहतात, आणि त्या झुबक्यांत एकवारिकाचे थोडे रेणू शिरतात. परसल्फेटपासून पाण्यात एक फार क्रियाशील तुकडा सुटतो, त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो झुबक्यात शिरला की साखळी सुरू. झुबक्याचा रबरकण होतो; मोठे थेंब हळूहळू रिते होतात आणि त्यांतील एकवारिक पाण्यातून कणांकडे येत राहते. म्हणजे मोठा थेंब ही कोठी आणि कण ही चूल. शिकागोचे हार्किन्स यांनी हे चित्र मांडले, आणि १९४८ साली स्मिथ आणि एवर्ट यांनी त्याला गणिताचा आधार दिला. अशा पायसाच्या एका घनसेंटिमीटरात शंभर कोटींच्या लाखपट इतके कण असू शकतात. प्रत्येक कण ही वेगळी खोली. एका खोलीत एक मूलक काम करीत असतो. दुसरा आत आला की दोघेही एकमेकांना संपवितात, आणि तिसरा येईपर्यंत खोली स्वस्थ असते. खोल्या वेगळ्या असल्यामुळे मूलकांची एरवी होणारी गाठभेट टळते, साखळी लांब वाढते आणि कामही वेगाने होते. पाण्यामुळे उष्णताही वाहून जाते. हा पायसाचा मोठा फायदा.

आता आडसांधा कसा पडतो? ब्युटाडाइनच्या रेणूत चार कार्बन आणि दोन द्विबंध असतात. द्विबंध म्हणजे हात धरावयाला मोकळी जागा समजा. कडी साखळीत बसली की एक द्विबंध खर्च होतो, एक उरतो. कधी तो साखळीच्या अंगातच राहतो, कधी फाट्यासारखा बाजूला लोंबतो. स्टायरीनला कडी होण्याजोगा एकच द्विबंध असतो. तो खर्च झाला की त्याच्या कडीवर अशी जागा उरत नाही. तेव्हा आडसांध्याचे मूळ ब्युटाडाइनच्या उरलेल्या द्विबंधात आहे.

मुलांचा साखळीचा खेळ डोळ्यांसमोर आणा. टोकाचा मुलगा मोकळ्या मुलाला पकडतो, तो साखळीत येतो, मग तो टोकाचा होतो. मैदानात अशा पुष्कळ साखळ्या आहेत. टोकाच्या मुलाने मोकळ्या मुलाचा हात धरायचा; पण क्वचित चुकून तो दुसऱ्या साखळीत आधीच उभ्या असलेल्या मुलालाच धरतो. झाले, दोन साखळ्या जोडल्या गेल्या! रबरात नेमके हेच घडते. वाढत्या साखळीचे टोक नव्या एकवारिकाऐवजी तयार साखळीवरच्या उरलेल्या द्विबंधाला चिकटते. ही चूक फार विरळा असते. मोकळ्या कड्या आणि जोडलेल्या कड्या सारख्याच संख्येने असतील, तर कित्येक हजार बरोबर पावलांमागे एखादे पाऊल असे पडते.

आता थोडे गणित. बरोबर पाऊल पडण्याचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो : टोके किती आहेत, आणि मोकळ्या कड्या किती आहेत. चुकीचे पाऊल पडण्याचा वेगही दोन गोष्टींवर : टोके किती आहेत, आणि जोडलेल्या कड्या किती आहेत. एका वेगाला दुसऱ्याने भागा. टोकांची संख्या वर आहे आणि खालीही आहे, ती उडून जाते! उरते काय? जोडलेल्या कड्या भागिले मोकळ्या कड्या, आणि त्याला गुणणारा एक लहानसा ठराविक आकडा. याचा अर्थ मोठा आहे. मूलक जास्त घालून काम घाईने उरका किंवा कमी घालून सावकाश करा, दर हजार कड्यांमागे पडणारे आडसांधे त्यामुळे बदलत नाहीत. ते दोनच गोष्टींनी ठरतात. कण किती भरला आहे ही एक, आणि तो लहानसा आकडा ही दुसरी. घड्याळाकडे पाहून उपयोग नाही. किती टक्के काम झाले ते पाहिले पाहिजे.

हे गुणोत्तर मुलांकडून फळ्यावर काढून घ्या. निम्मे काम झाले तर ५० ला ५०, म्हणजे १. पाऊण झाले तर ७५ ला २५, म्हणजे ३. नव्वद टक्के झाले तर ९० ला १०, म्हणजे ९. शेवटी शेवटी मैदानात मोकळी मुले उरतातच किती? जिकडे हात टाकावा तिकडे आधीच साखळीतली मुले. म्हणून शेवटच्या टप्प्यात चुका झपाट्याने वाढतात.

पायसात मात्र याला एक वेगळेच वळण मिळते, आणि तेच या विषयातले मर्म आहे. रबरकण एकवारिकाने फुगलेला असतो, पण तो हवे तेवढे एकवारिक घेत नाही. ठराविक प्रमाणात तृप्त होतो. कोठीचे थेंब शिल्लक असेपर्यंत कणातले प्रमाण जवळजवळ स्थिर राहते, समजा रबर ६० आणि एकवारिक ४०. म्हणजे पिंपात एकूण दहाच टक्के काम झाले असले, तरी त्या कणाच्या आत ६० ला ४० अशीच दाटी असते. गुणोत्तर पहिल्यापासून दीड! एकजीव द्रवात सुरुवातीला आडसांधे जवळजवळ नसतात. पायसात ते पहिल्या तासापासून पडत असतात. मग साठ टक्क्यांच्या सुमारास थेंबांची कोठी संपते. त्यानंतर कणात नवे एकवारिक येत नाही आणि गुणोत्तर दीडवरून तीन, तीनवरून नऊ असे चढू लागते.

एक हिशेब करून पाहू. सोपेपणासाठी आकडे गोल घेतो. एकूण सत्तर लाख कड्या घ्या. दाटी बरोबरीची असताना सात हजार बरोबर पावलांमागे एक चुकीचे पाऊल पडते असे माना. मग पहिल्या साठ टक्क्यांत आडसांधे पडतील ९००. साठ ते पंचाहत्तर या टप्प्यात सुमारे ३२०. पंचाहत्तर ते नव्वद या तेवढ्याच टप्प्यात सुमारे ७७०. पाहा, शेवटच्या पंधरा टक्क्यांनी त्याआधीच्या पंधरा टक्क्यांच्या दुपटीहून जास्त गाठी मारल्या.

पण किती गाठी झाल्या म्हणजे बिघडते? याचे उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या विचारातून मिळते. पुढे युद्धकाळात ते रबराच्याच संशोधनात होते, आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विचार असा. एका साखळीवर उभे राहा. आडसांधा सापडला की त्यावरून दुसऱ्या साखळीवर जा. तिथे पुढे जाण्यास सरासरीने आणखी एक वाट मिळाली, तर तुमचा प्रवास कधी संपणारच नाही. सगळे जाळे एकच झाले. सरासरी एकाहून कमी असेल, तर थोड्या उड्यांनंतर वाट खुंटते. साखळ्यांचे लहान लहान गटच राहतात. म्हणजे दर साखळीमागे सरासरी एक गुंतलेली कडी, ही सीमा. एका आडसांध्याला दोन टोके असतात, तेव्हा साखळ्यांच्या निम्मे आडसांधे झाले की सीमा गाठली. या सीमेला जेलबिंदू म्हणतात. ही सीमा हळूहळू येत नाही. आपल्या हिशेबात तिच्या अलीकडे सगळे रबर विरघळणारे, आणि ती ओलांडताच न विरघळणारे जाळे दिसू लागते.

आता मघाचा हिशेब पुरा करा. प्रत्येक साखळी दोन हजार कड्यांची आहे असे धरा. पंचाहत्तर टक्क्यांवर साखळ्या झाल्या २६२५. सीमा १३१२ आडसांध्यांची. पडलेले आडसांधे १२२०. अजून अलीकडे आहोत. ऐंशी टक्क्यांवर साखळ्या २८००, सीमा १४००, आडसांधे सुमारे १३९३. अगदी उंबऱ्यावर! नव्वद टक्क्यांवर साखळ्या ३१५०, सीमा १५७५, आडसांधे जवळजवळ १९९०. सीमा केव्हाच ओलांडली. शंभरातले पंचवीस भाग का सोडून द्यावयाचे, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. अधिक मालाचा लोभ धरला तर पदरात पडते ते रुळाखाली न मळले जाणारे, साच्यात नीट न बसणारे रबर. म्हणून ठरल्या टक्क्याला पिंपात हायड्रोक्विनोनसारखा पदार्थ सोडतात. तो मूलकांना गप्प करतो आणि वाढ तिथल्या तिथे थांबते.

मरकॅप्टनचे काम काय, तेही आता कळेल. वाढत्या साखळीचे टोक मरकॅप्टनकडून हायड्रोजनचा अणू घेते आणि ती साखळी संपते. मरकॅप्टनचा उरलेला तुकडा नवी साखळी सुरू करतो. म्हणजे कामाचा वेग फारसा न घटता साखळ्या आखूड होतात. आपल्या हिशेबात साखळी तीन हजार कड्यांची असती, तर साठ टक्क्यांवरच १४०० साखळ्या, सीमा ७००, आणि आडसांधे ९०० : पहिल्याच टप्प्यात बिघाड. साखळी पंधराशेची असती, तर नव्वद टक्क्यांवर साखळ्या ४२००, सीमा २१००, आडसांधे १९९० : अजून सुरक्षित. शंभर भागांत अर्धा भाग पदार्थ, पण सारा खेळ त्याच्यावर. मग साखळ्या फार आखूड का करू नयेत? कारण आखूड साखळ्यांचे रबर दुबळे होते. सुटी टोके जास्त, ताकद कमी. वस्त्रातला धागा जितका तुटका तितके वस्त्र विरविरीत.

राहिला तो लहानसा आकडा, चुकीच्या आणि बरोबर पावलांचे प्रमाण. अमेरिकेतील अॅक्रन येथे मॉरिस मॉर्टन आणि सॅलाटिएलो यांनी ब्युटाडाइनच्या पायसावर याची मोजणी केली. ती १९५१ साली प्रसिद्ध झाली. जेलबिंदू नेमका किती टक्क्यांवर आला हे पाहायचे आणि साखळीची लांबी मोजायची, की मघाचा हिशेब उलटा करून तो आकडा काढता येतो. त्यात असे दिसले, की ४० अंशांवरून ६० अंशांवर गेले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे उष्णतेने बरोबर पाऊलही वेगाने पडते, पण चुकीचे पाऊल त्याहून अधिक वेगाने. मग उपाय उघड आहे : थंडपणे काम करा. पण थंडीत परसल्फेट पुरेसे मूलक देत नाही. तेव्हा हायड्रोपेरॉक्साइड, लोहाचा क्षार आणि ग्लुकोजसारखी साखर अशी जोडी जमवून पाच अंशांवरही मूलक निर्माण करण्याची युक्ती वापरात आली. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत हे थंड रबर मोठ्या प्रमाणावर निघू लागले. ते सामान्यतः साठ टक्क्यांच्या आसपास थांबवतात. साठ म्हणजे काय, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल : कोठीचे थेंब संपण्याची वेळ. या रबराचे टायर उष्ण रबराच्या टायरांपेक्षा झिजण्याला चांगले टिकले.

पायसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकजीव द्रवात जेल झाले तर सबंध पिंपाचा एकच गोळा होईल. पायसात जाळे कणाच्या भिंतीबाहेर जाऊ शकत नाही. प्रत्येक कण आपल्यापुरते जाळे होतो. बेल प्रयोगशाळेतील बेकर यांनी १९४९ साली अशा कणांचे वर्णन सूक्ष्म जेल या नावाने केले. त्यामुळे बाहेरून पायस पूर्वीसारखेच दुधाळ, पातळ दिसते. बिघाड झाला तरी डोळ्यांना चाहूल नाही! म्हणूनच ठराविक वेळाने नमुना काढून तो तपासणे आणि हिशेबावर भरवसा ठेवणे भाग पडते. काम थांबविल्यावर उरलेले ब्युटाडाइन आणि स्टायरीन काढून घेतात, रबर कुजू नये म्हणून रक्षक पदार्थ घालतात, आणि मीठ व आम्ल घालून पायस फोडतात. लिंबू पिळून दूध नासवावे तसे. मग भुसभुशीत रबर धुऊन, वाळवून त्याच्या गठड्या बांधतात.

आपल्या देशाचा या गोष्टीशी एक गोड संबंध आहे. ब्युटाडाइन खनिज तेलापासून मिळते तसे अल्कोहोलपासूनही मिळते. युद्धकाळात अमेरिकेने धान्याच्या अल्कोहोलपासून त्याचा फार मोठा वाटा काढला होता. भारतातला कृत्रिम रबराचा पहिला कारखाना १९६३ साली उत्तर प्रदेशात बरेलीजवळ सुरू झाला, तो मळीच्या अल्कोहोलवर. मळी म्हणजे साखर काढून उरलेला उसाचा काळा पाक. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला ती काय सांगावी! उसाच्या कांडीतून टायरपर्यंतची ही वाट होती. तो कारखाना पुढे बंद पडला. त्यानंतर २०१३ साली हरियाणात पानिपत येथे खनिज तेलाच्या आधाराने ब्युटाडाइन-स्टायरीन रबराचा मोठा कारखाना सुरू झाला.

आणखी एक शंका काहींच्या मनात येईल. कृत्रिम रबर आले, मग झाडाचे रबर निकालात निघाले काय? तसे झाले नाही. झाडाच्या साखळीतल्या सगळ्या कड्या एकाच धाटणीने बसलेल्या असतात. ताण दिला की साखळ्या ओळीने लागतात आणि रबर ताकद धरते. ब्युटाडाइन-स्टायरीनच्या कड्या वेड्यावाकड्या बसतात, त्यांना ती शिस्त नाही. काजळीची जोड दिल्यावरच त्यांना बळ येते. म्हणून विमानाच्या आणि मोठ्या मालट्रकांच्या टायरांत झाडाच्या रबराचा भरणा अधिक, आणि मोटारीच्या टायरच्या धावेत कृत्रिम रबराचा अधिक. दोघे सवते नव्हेत, भाऊ आहेत.

शिक्षकमित्रांना शेवटी एवढेच सुचवितो. गुणोत्तराचा धडा शिकवताना आंबे आणि पेरू यांच्याबरोबर हे उदाहरणही घ्या. मुलांना साखळीचा खेळ खेळू द्या, आणि टोकाचा मुलगा दर वेळी कोणाला धरतो ते दोन मुलांना मोजावयास सांगा. मोकळी मुले कमी होत जातील तशा चुका कशा वाढतात, ते त्यांना स्वतःच दिसेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये फुगलेले रबरबँड त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हे विरघळले का नाही? उत्तर मुलेच देतील : सर, याच्या साखळ्यांनी एकमेकांचे हात धरलेत.